दोन हिसके

तिला सगळे भागूबाई म्हणत. हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी पालीला घाबरून ती एकदा रिकाम्या पिंपात लपून बसली होती, तेव्हा थोरल्या भावाने हे नाव चिकटवलं आणि ते सासरपर्यंत तिच्या मागोमाग आलं. कामावर तर ते कुणाला सांगावंही लागलं नाही. पहिल्याच दिवशी मुकादमाने मागून हाक मारली आणि ती अशी दचकली, की हातातली टॉवेलांची चळत धाडकन खाली. मुकादम म्हणाला, ही तर अगदीच भागूबाई. झालं, शिक्कामोर्तब.

भित्र्या माणसाला हसायला कुणाच्या बापाचं काय जातं? पण जिच्या एकटीच्या पगारावर घरातली चार तोंडं चालतात, तिने भ्यायचं नाही तर कुणी भ्यायचं? भागूबाईचा नवरा माल उतरवायचा. एकदा पाठीवरचं ओझं घसरलं आणि कंबर कामातून गेली. तेव्हापासून तो खिडकीशी बसून असायचा आणि बसल्या बसल्या भाजी निवडून द्यायचा. सासूबाईंची जीभ चाकूसारखी, आणि वयाबरोबर तिला अधिकच धार आलेली. मुलगी भराभरा उंच होत होती. दुसऱ्या घरांत मुलीच्या उंचीचं कौतुक होतं. इथे मुलगी वाढली की भागूबाई धास्तावायची, कारण तिच्याबरोबर बूट काही वाढत नसत. सासूबाई म्हणायच्या, "पोरीला जरा वाकून चालायला शिकव, म्हणजे तोच फ्रॉक पुरेल." त्या चेष्टेनेच म्हणायच्या, पण घरात कुणी हसायचं नाही.

आता तिचं काम सांगतो, कारण सगळं त्या कामातच घडलं. शहरातल्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणारा तो कारखाना. धुतलेली चादर तापलेल्या रोलरमधून सपाट होऊन बाहेर यायची आणि समोर दोन बायका तिची दोन-दोन टोकं धरून उभ्या असायच्या. एकीने एक हिसका द्यायचा, म्हणजे चादर ताठ झाली, आता घडी घाल. मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागे जायचं, पुन्हा यायचं. चादरीवर डाग किंवा फाटकं दिसलं तर दोन हिसके. दोन हिसके आले की समोरचीने जागच्या जागी थांबायचं. बोलायचं नाही, कारण बोलायला बंदी होती, आणि त्या धडधडाटात ऐकूही गेलं नसतं.

पण टोकं जुळताना दोघींची तोंडं अगदी जवळ येतात, हे मालकाच्या डोक्यात आलं नव्हतं. बायकांच्या मात्र बरोबर आलं होतं. अर्धं वाक्य एका चादरीला, उरलेलं पुढच्या चादरीला. सासवांच्या कागाळ्या, दुखण्यांवरचे उपाय, रडणं, सगळं असंच चालायचं. भागूबाईची जोडीदारीण थोरली. ती वयाने मोठी, म्हणून सगळ्या तिला थोरलीच म्हणत. दोघींची जोडी इतकी जुनी, की टोक जुळलं की भागूबाईचं तोंड आपोआप उघडायचं.

आणि याच चादरींच्या घड्यांत थोरलीने युनियन बांधली. पगार वर्षानुवर्षं तिथल्या तिथे, आणि भाडं, रेशन, औषध सगळं वर चढत चाललेलं. बाहेरच्या युनियनचा माणूस म्हणाला होता, अर्ध्याहून जास्त बायका जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या, तर मी मालकाशी बोलायला बसतो. आधी कुणकुण लागली तर मात्र खेळ खलास. बॉयलरवाल्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने पगारवाढीची भाषा केली आणि आठवड्याच्या आत त्याच्या पिशवीत कारखान्याच्या चादरी सापडल्या. त्या तिथे कुणी घातल्या हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण चोर म्हणून हाकललेल्या माणसाला पुन्हा काम कोण देणार? भागूबाई रोज घरी निघताना स्वतःची पिशवी उलटी करून झटकायची.

मग एके सकाळी मुकादमाला काय वास आला कोण जाणे, त्याने सगळ्या जोड्या मोडल्या. भागूबाईच्या समोर आली मेहुणी. मेहुणी म्हणजे खुद्द मुकादमाच्या बायकोची बहीण. नवऱ्याने टाकलेली, मुकादमाच्या घरी राहणारी, त्याच्याच ओळखीने कामाला लागलेली. ती दिसली की बायका गप्प व्हायच्या. हिच्या कानात गेलं ते संध्याकाळी मुकादमाच्या ताटात वाढलं जातं, असं म्हणायच्या.

सकाळभर भागूबाई ओठ मिटून होती. दुपारी थोरली शेजारून जाताजाता पुटपुटली, की उद्याच, सगळ्यांना सांग. भागूबाईच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. रोलरमधून चादर आली, हिसका बसला, पावलं पुढे पडली, टोकाला टोक जुळलं, आणि इतक्या वर्षांची सवय दगा देऊन गेली.

"उद्या सुट्टीत फाटकाबाहेर," ती कुजबुजली. "थोरलीने सांगितलंय."

बोलून झाल्यावर तिने समोर पाहिलं. समोर मेहुणी होती.

मेहुणीने टोकं हातात घेतली आणि घडी पुरी केली. जीभ उपटून टाकावी असं भागूबाईला वाटलं. अगं बाई, नुसतं फाटक सांगून गप्प बसली असतीस, थोरलीचं नाव कशाला घ्यायचं? तिने मुकादमाच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं, तर तो तिथून इकडेच पाहत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, थोरलीच्या घरी जा आणि तिला सावध कर. ती चप्पल घालून निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. थोरलीला काय तोंड दाखवायचं? आणि खरं सांगायचं तर परत येण्याचं आणखी एक कारण होतं. मुकादमाला हे कळणारच असेल, तर उद्या आपणच आधी जाऊन का सांगू नये? निदान आपलं काम तरी वाचेल. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. मुलगी जेवत होती. सासूबाई आपल्या ताटातला भात गुपचूप तिच्या ताटात सारत होत्या आणि वर तिलाच खादाड म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर सुरू झाला आणि थोड्याच वेळात मुकादम येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. चादर दोघींमध्ये ताणलेली होती. भागूबाईचे हात इतके थरथरत होते, की चादरीवर बारीक लाटा उठत होत्या.

"काल तुझे ओठ हलले," मुकादम म्हणाला. तिच्या कानाशी वाकून, अगदी मऊ आवाजात. "हिला घरी विचारलं तर ही म्हणते काही नाही. तू सांग."

मग त्याने तिला हळूहळू समजावलं. दुपारच्या सुट्टीत काहीतरी शिजतंय याची कुणकुण त्याला लागली होती, फक्त कोण शिजवतंय ते हवं होतं. एक नाव. नाव सांगितलं तर तिला रोलरवरून काढून टॉवेलांच्या हलक्या कामावर घेणार, पगाराचंही बघणार. नाही सांगितलं तर... त्याने वाक्य पुरं केलं नाही. तिची पिशवी खुंटीला टांगली होती, तिकडे त्याने नुसतं पाहिलं.

उगीच खोटं कशाला बोलू? भागूबाई नाव सांगणारच होती. तिच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेला नवरा आला, बुटांतून बाहेर आलेले मुलीचे अंगठे आले. तिने तोंड उघडलं. थोरलीच्या नावाचं पहिलं अक्षर जिभेवर आलंच होतं.

तेवढ्यात चादरीला दोन हिसके बसले.

हात जागच्या जागी थांबले. इतकी वर्षं दोन हिसक्यांना हात थांबत आले होते, ते आधी मनाला विचारायला जात नसत. आणि हातांबरोबर तोंडही थांबलं.

"काय झालं?" मुकादमाने विचारलं.

"डाग आहे," मेहुणी ओरडून म्हणाली. चादर तिने गोळा करून डागाळलेल्यांच्या टोपलीत टाकली. चादर दुधासारखी पांढरी होती. भागूबाईने ती पाहिली आणि नजर खाली घातली.

"नवऱ्याच्या कंबरेचं सांगत होते, साहेब," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मालिश करणारं कुणी माहीत आहे का, विचारत होते."

मुकादम दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग म्हणाला, दुपारी कोण कोण बाहेर पडतं ते बघतोच, आणि गेला. पुढची चादर आली. टोकं जुळली तेव्हा भागूबाईने एवढंच विचारलं, "का गं?"

उत्तर पुढच्या चादरीला आलं. "माझा पगार मी अजून हातात धरलेला नाही." आणि त्याच्या पुढच्या चादरीला, "मुकादमच परस्पर घेतो."

सुट्टीची घंटा झाली. मुकादम पहारेकऱ्याशेजारी फाटकातच उभा होता आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीचं तोंड नीट पाहत होता. थोरली पहिली गेली. तिच्या मागून एक-एक करत बाकीच्या. फाटकापर्यंतची वाट भागूबाईने कशी कापली ते तिला पुढेही कधी आठवलं नाही, फक्त मुकादमाच्या बुटांची टोकं आठवायची, कारण मान वर करून पाहायचा तिला धीरच झाला नव्हता.

बाहेर थोरलीने तिचा हात घट्ट धरला. "आलीस गं बाई. सगळ्यांत जास्त धास्ती मला तुझीच होती." भागूबाईने हात सोडवून घेतला नाही, पण थोरलीकडे पाहणंही तिला जमेना.

युनियनचा माणूस म्हणाला, अर्ध्याहून जास्त आल्यात, पुरे. आणि तेवढ्यात सगळ्यांत शेवटी मेहुणी बाहेर आली. मुकादमाच्या अगदी अंगावरून चालत आली. त्याने तिला हाक मारली. ती थांबली नाही. मग त्याने पहारेकऱ्याला काहीतरी सांगितलं, फाटक ओढलं गेलं आणि आतून कडी पडल्याचा आवाज आला.

बायकांत कुजबुज सुरू झाली. युनियनचा माणूस म्हणत होता, घाबरू नका, असं कुणाला बाहेर काढता येत नाही, मी आत जाऊन बोलतो. तो फाटक वाजवत राहिला. फाटक उघडेना. आपली पिशवी आत खुंटीलाच राहिली, हे भागूबाईला तेव्हा आठवलं. आता त्या पिशवीत काय घालतात देव जाणे.

मेहुणी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती भागूबाईपेक्षाही जास्त थरथरत होती.

"संध्याकाळी मी जाऊ कुठे?" तिने विचारलं. ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती.

भागूबाईला आपलं घर दिसलं. एक खोली, त्यात चार माणसं, आणि डब्यात किती उरलंय ते तिला न बघता ठाऊक होतं. उद्यापासून पगार असेल की नाही, तेही माहीत नव्हतं. तिला इतकी भीती वाटत होती, की दात वाजत होते.

"माझ्याकडे चल," ती म्हणाली. "सासूबाई बोलतील. पण वाढतील."