मागच्या बोळातून आलेली सुईण

नेदरलँड्समध्ये, नायमेखन शहरातल्या आमच्या घरापुढच्या सायकली बर्फाखाली दिसेनाशा झाल्या, आणि नेमक्या त्याच सकाळी मला कळा सुरू झाल्या. बाळानेही काय मुहूर्त शोधला! वादळाचा रेड अलर्ट, ट्रेन बंद. करोनामुळे विमानंही बंद, म्हणून माझ्या बाळंतपणाला निघालेली आई पुण्यातच अडकली होती आणि व्हिडिओ कॉलवरून आम्हा दोघांना फैलावर घेत होती. इथे गरोदर बाईचं सगळं सुईण बघते, हे कळल्यापासून तिचं डोकंच फिरलं होतं. "एवढा पुढारलेला देश, आणि डॉक्टर मिळत नाहीत का गं?"

सुईणीचा फोन आला. "हॉस्पिटलला निघू नका, गाडी रुतेल. मीच येते." राहायची ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. येणार कशी? मला रडूच कोसळलं. ती पोचली नाही तर बाळ नवऱ्याच्या हातात येणार, आणि आमच्या साहेबांच्या हातात कपबशीसुद्धा टिकत नाही.

साहेब मात्र हिरिरीने कामाला लागले. सुईण घसरू नये म्हणून बादलीभर कढत पाणी पुढच्या पायऱ्यांवर ओतलं, अंगण धुवावं तसं. बर्फ वितळला, स्वारी खुशीत. दुसरी बादली घेऊन गेला तोवर त्या पाण्याची काच झाली होती. गेला की आडवा! चिप बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर तापमानाची गणितं करतो हा माणूस. मी कळा विसरून हसले, मग पुढची कळ आली तेव्हा त्याचा उद्धार केला.

आवाज ऐकून शेजारच्या डच आजींनी खिडकी उघडली. करोनाच्या त्या काळात आमचं बोलणं खिडकीतूनच चालायचं. सुईण येतेय असं नवऱ्याने सांगितल्यावर त्यांनी पायऱ्या बघितल्या, मग झाडाचा शेंडा कुठे झुकतोय ते बघितलं.

"पडणाऱ्या बर्फाला काय भ्यायचं? वारा बघा," त्या म्हणाल्या. "पडलेला बर्फ उचलून तो घरांच्या पुढ्यात रचतोय. पण मागचा बोळ वाऱ्याच्या दिशेने आहे. तिथे तोच झाडून काढत असेल. तिला मागून बोलवा."

नवरा मागचं फाटक उघडून बघतो तर काय! पुढे कमरेएवढा ढीग आणि मागे बोळातल्या विटा उघड्या. सकाळपासून ज्या वाऱ्याला मी शिव्या घालत होते, त्यानेच वाट मोकळी करून ठेवली होती. आणि आजींना ती घरात बसून दिसली! मला त्या बाईचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. नवऱ्याने लगेच सुईणीला फोन करून बोळ सांगितला.

ती आली. पायाला स्की, पाठीवर सामानाची पिशवी, भुवया पांढऱ्या, मास्क गोठून कडक झालेला. "वारा चढला की पाठ करून थांबायचं, उतरला की निघायचं," म्हणाली, जणू कोपऱ्यावरून भाजी घेऊन आली होती. तिने हात धुतले, नवा मास्क लावला आणि दोन्ही तळवे स्वतःच्या मानेवर दाबून उभी राहिली.

"काय करतेय गं ती?" आईने स्क्रीनवरून विचारलं.

"हात गरम करतेय. मला गार लागू नयेत म्हणून."

आई म्हणाली, "बरं. ठेवते मी फोन. आता तुझ्याजवळ माणूस आहे." सकाळपासून एकदाही तिने तो फोन खाली ठेवला नव्हता.

दुपारी मुलगी झाली. आईला फोन लावला, बाळ दाखवलं. आई रडली, नाक पुसून माझ्या नवऱ्यावर ओरडली, "अहो जावईबापू, ती बाई एवढ्या वाऱ्यात परत कशी जाणार? वरणभात टाका आधी. जेवल्याशिवाय सोडायचं नाही माझ्या बाईला!"