राणीच्या कपाळावरचं कुंकू

राज्य चालवणाऱ्या विधवा राणीला तिच्याच घरच्या हळदीकुंकवात कुठं बसवत असतील? खूप शोधलं, सापडलं नाही.

माझ्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला, म्हणून आई आणि मी कळमनुरीहून औंढ्याला निघालो. हिंगोलीला एसटी बदलली. बायकांना अर्धं तिकीट. जाणार असाल तर सकाळीच पोहोचा. गाभाऱ्यात अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं, गर्दीत जीव गुदमरतो. खालचं काळं कोरीवकाम जुनं. वरचं शिखर माळव्याच्या राणीनं बांधलं, असं सांगतात. पत्रिका देवापुढं ठेवताना आई किती दिवसांनी मोकळं हसली.

बाहेर गरम भजी खाल्ली. समोरच त्या राणीच्या जयंतीचा मांडव होता. फलकावर 'दानशूर', 'न्यायी', 'पुण्यवान'. नवरा लढाईत गेला, सती जाताना सासऱ्यानं अडवलं, पुढं मुलगाही गेला आणि पांढऱ्या लुगड्यात तिनं राज्य केलं, याबद्दल एक ओळ नाही. उलट तसबिरीतल्या कोऱ्या कपाळावर कुणीतरी बोटभर कुंकू फासलेलं!

तिथंच हळदीकुंकू चाललं होतं. करंडा घेतलेल्या काकू आईपाशी आल्या, तिचं कोरं कपाळ पाहून म्हणाल्या, "सवाष्णी म्होरं या. तुमी जरा माघं सरका, बाई."

माझा पारा चढला. "मग राणीला काहून लावलं, काकू? ती बी विधवाच की!"

"ती देवी हाय. तिला सगळं चालतंय."

"देवी तुमी केली. ती बाईच होती."

"लईच शिकली दिसती पोरगी!" मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

घरातली पहिली पदवीधर आहे मी. मला शिकवायला जी दुसऱ्यांच्या रानात राबली, ती आई माझा दंड ओढत म्हणत होती, "गप बस, माय. लगीन हाय तुझं."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बोलली, "तुझ्या हळदीला मी चुलीपाशीच बसंन. हळद तुझी चुलती लावील. उगं अपशकुन नको."

म्हणजे मांडवातल्या त्या काकूंच्या बोलण्यापेक्षा हे दुखणं खोल होतं. राणीला देवी करायचं आणि आईला चुलीपाशी बसवायचं. दोन्हीकडं माणूस म्हणून जागा नाहीच. कळमनुरी येईपर्यंत मी धुमसत होते.

मागच्या आठवड्यात लग्न झालं. चुलतीनं हळदीची वाटी उचलायच्या आत मी पाटावरून उठले, आईला चुलीपासून हाताला धरून आणलं आणि गाल पुढं केला. पहिली हळद तिनंच लावली. ज्यांना तिच्यानंतर लावायची नव्हती, त्या हळद न लावताच जेवून गेल्या.