घसरगुंडीचा जिना

कुणाच्याही घरात शिरला की तो नमस्काराआधी जिन्याच्या कठड्याला हात लावायचा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. तळहाताला घट्टे पडलेत, त्याला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या कामापाशी उभा असला तर समोरच्याचाच हात धरून लाकडावर ठेवायचा आणि आधी कानडीत, मग मराठीत सांगायचा, "कै आडसि नोड्री! आधी हात फिरवून बघा, मग बोला."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं काम बघितलं की पोटात दुखतं. माझा तो होता.

मीही सुतार. धारवाडात मळमड्डीला माझं दुकान. तो अळणावरहून आला आणि दोन गल्ल्या पलीकडं त्यानं शेड टाकली. दारं, कपाटं, देव्हारे यांना लोक मला बोलवायचे; जिना म्हटला की त्याला. माझी बायको एका वास्तुशांतीहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "काय जिना आहे हो! चढताना पाऊल वाजतसुद्धा नाही." त्या रात्री मी भाजीला नावं ठेवली.

तो गप्प बसणारा असता तर बरं झालं असतं. चहाच्या गाड्यावर आपल्याच पायऱ्यांचं कौतुक सांगत बसायचा, आणि दुःख हे की त्यात खोटं काही नसायचं.

केलगेरीच्या तळ्याजवळ एका वकिलांचं घर चाललं होतं. त्यांच्या मुलीला जिन्याला लागून घसरगुंडी हवी होती. वकीलसाहेब आधी माझ्याकडं आले. मी म्हणालो, "साहेब, जिना तरी करा, नाहीतर घसरगुंडी तरी. पोर पडलं म्हणजे?" ते त्याच्याकडं गेले.

त्यानं काय करावं? अंगणात फळ्या मांडल्या, कुठली उभी, कुठली पडती, आणि त्या मुलीला दुपारभर घसरायला लावलं. हा कोपऱ्यात बसून तिचं तोंड बघत होता. कुठं हसते, कुठं डोळे मिटते. जिथं तिनं डोळे मिटले, त्याच्या जरा अलीकडंच त्यानं उतार मऊ केला. मला हे वकीलसाहेबांनीच हसत हसत सांगितलं. मीही हसलो. घरी येऊन फार चिडचिड झाली. मला हे का सुचू नये?

वास्तुशांतीला मी गेलो तो खोट काढायलाच. सागवानाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकीवर एक चिकटवून केलेली ती घसरगुंडी जिन्याच्या कुशीतून वळून खाली आली होती. लाकडाची रेघ वरून खाली सलग, कुठं कुसळ टोचायला जागा नाही. मी सांधा शोधत हात फिरवत होतो. हा जेवणाच्या पंगतीतून ओरडला, "काय रे, सापडलं काय?"

"उन्हाळ्यात तडकेल बघ," मी म्हणालो.

"तुझ्या तोंडात साखर पडो!" पंगत हसली. तेवढ्यात खुद्द वकीलसाहेब धोतर सावरत वरून घसरत आले, आणि माझ्याकडं कुणाचं लक्षच उरलं नाही.

पुढं एकदा यंत्रात माझं बोट सापडलं. लग्नघरचं दार अर्धवट, आणि माझा हात गळ्यात बांधलेला. बायकोनं मला न विचारता त्याला सांगितलं. मी दवाखान्यातून आलो तोवर दार चौकटीत बसलं होतं. बघायला गेलो. वाटलं, आता यानं आपली कारागिरी मिरवली असणार. तसं काही नव्हतं. माझ्या दारांच्या चौकोनांना आतून एक बारीक खाच असते, ती कुणाच्या ध्यानात येत नाही. ती त्यानं तशीच घातली होती. दार माझंच होतं. म्हणजे हा माझं काम इतकं जवळून बघत होता! उपकार मानायला गेलो तर म्हणाला, "तुझी ती खाच लई त्रास देते बघ, लेका." मला आणखीच राग आला. पण घरी येताना बोट दुखत नव्हतं.

लाकडाच्या भुशानं त्याची छाती भरली. त्याची मुलगी त्याला शिवमोग्ग्याला घेऊन गेली, आणि तिकडूनच तो गेल्याचा फोन आला. शेडमध्ये आता टायरवाला बसतो.

अलीकडं ते केलगेरीचं घर विकलं गेलं. नव्या मालकांनी मला बोलावलं. "ही घसरगुंडी काढून टाका. घरात लहान कुणी नाही. इथं शोकेस करा."

मी करवत घेऊन तिच्याखाली शिरलो. जिथं कुणी कधी बघणार नाही, जिथं फक्त पाली जातात, तिथलं लाकूडही त्यानं वरच्यासारखंच घासून ठेवलं होतं. करवत पिशवीत टाकली. मग बाहेर येऊन म्हणालो, "हे मी काढणार नाही. दुसरं कुणी आणा. पण काढू नका, एवढं ऐका."

मालकांनी घसरगुंडीवरून हात फिरवला. "तुम्ही केलेली काय?"

मी त्याचं नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट.

"मग राहू दे," ते म्हणाले. "मुलाच्या घराला असाच जिना करायचा म्हणतोय. त्यांना बोलवता येईल?"

"नाही. ते गेले."

"मग असं काम आता धारवाडात कोण करतं?"

माझं नाव अगदी ओठावर आलं होतं.

"कुणी नाही," मी म्हणालो.