राखेची वाट

एक गोष्ट मी वीसेक वर्षे कोणालाही सांगितली नाही, पत्नीलाही नाही.

हुबळीच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. कलघटगीकडच्या जंगलात ग्राम अरण्य समिती स्थापन होत असताना नकाशा उतरवून घेण्यासाठी मला बोलावले होते. रान गावाने आणि वनखात्याने मिळून राखायचे, असा तो नवा विचार होता. गवळ्यांच्या दड्डीत (म्हशींचे गोठे आणि त्यांभोवतीची वस्ती) सारवलेल्या अंगणात लोकांनी रांगोळीने आपले रान रेखाटले. साहेब प्रथमच त्यांच्याबरोबर जमिनीवर बसले होते. जनाक्का नावाच्या बाईने मुठीतून गोवरीची राख सोडत दड्डीपासून डोहापर्यंतची वाट घातली. चित्र सगळे नजरेत यावे म्हणून मी सवयीने दोन पावले मागे सरलो, आणि माझ्या टाचेखाली ती राख विस्कटली. सगळे चहाकडे वळले होते. वाट नेमकी कुठून जात होती ते आठवेना, पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हणून कागदावर मी ती घेतलीच नाही. नकाशावर अंगठा उठवण्यापूर्वी जनाक्काने विचारले, "मास्तर, माजी वाट आली न्हवं?"

"आली," मी म्हणालो.

गेल्या चैत्रात तिचा मुलगा धोंडू दाजीबानपेठेत माझ्या भावाच्या दुकानी कापड घ्यायला आला. म्हशी विकल्या, दड्डी उठणार, असे तो तिथे बसलेल्या मला सहज सांगून गेला. "आई मातर आजून गार्डाशी भांडती. म्हणती, म्या वाट घातली हुती. आन् नकाशात तर न्हाई! म्हातारी इसरली आन् समद्यांचं पाणी गेलं, म्हणत्यात लोक."

दुसऱ्या सकाळी मी धारवाडी पेढ्यांचा डबा घेऊन निघालो. पेढे द्यावेत, विचारपूस करावी आणि परतावे, एवढेच तेव्हा मनात होते. इतका मी भित्रा.

कलघटगीला उतरून गिरमिट (कांदा आणि चिंच घातलेले ओले चुरमुरे) खाल्ले आणि दुसरी बस धरली. काळी जमीन मागे पडली, माती तांबूस झाली, पाने गळालेले साग दिसू लागले. विचारात माझा थांबा चुकला. कंडक्टर हसून म्हणाला, "नाक हेज्जि हिंदक होगरि, सर (चार पावले मागे जा)." ती चार पावले उन्हात तासभर पुरली.

समितीची पाटी गंजून एका खिळ्यावर लोंबत होती. जिथे मला गवत आठवत होते तिथे खात्याने लावलेला अकेशिया ओळीने उभा होता. त्याच्या पानाला म्हैस तोंड लावत नाही, आणि त्याखाली गवताची काडी नव्हती. पलीकडे डोहाच्या अंगाला गुरे अडवायला माणूसभर खोल चर खणलेला. चराकाठी बसप्पा नावाचा गार्ड भेटला, माझ्याच वयाचा. त्याने आपल्या बाटलीतले पाणी मला दिले.

"उन्हात लोळायला पाणी नसलं की म्हैस आटते, हे मला कळत नाही का?" तो कन्नडमध्ये म्हणाला. "उन्हाळ्यापुरती वाट सोडा म्हणून दोनदा वर लिहिलं. उत्तर एकच. नकाशा त्यांनीच काढला, अंगठे त्यांचेच."

"नकाशा दुरुस्त होत नाही?"

"समिती बसली तर होतो. माणसं कुठं आहेत, सर? सोमवारी शेवटचं घर उठतंय."

तो माझ्याबरोबर दड्डीत आला. खुंट्या होत्या, दावी नव्हती. जनाक्काने मला आवाजावरून ओळखले. शेजारची चार माणसे बोचकी बांधता बांधता थांबली.

"ये रं बसप्पा," ती म्हणाली. "चर बगायला आलास? बुजला न्हाई आजून."

"अज्जी, बुजला की पहिला तुलाच सांगतो."

मग माझ्यापुढे कप ठेवत ती म्हणाली, "दूद न्हाई, मास्तर. गवळ्याच्या घरी कोरा चा पिणारं पयलं पावणं तुमीच."

पेढ्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. तो पुढे करवेना.

"आता तुमीच सांगा ह्यास्नी," ती शेजाऱ्यांकडे हात करून म्हणाली. "तुमी हुता तितं. म्या वाट घातली हुती का न्हाई? का मीच येडी?"

परतीच्या बसमध्ये काय वाटले ते आधीच लिहून टाकतो, कारण त्यानंतर लिहिण्यासारखे काही उरत नाही. मिळून राखायच्या त्या रानात खात्याने आणि गावाने एकाच कागदावर विश्वास ठेवला, आणि तो कागद माझ्या हातचा होता. आता चर बुजला तरी डोहाकडे जायला म्हशी नाहीत. माझ्या बोलण्याने एकही म्हैस परत येणार नव्हती. फक्त एका बाईचा शब्द खरा ठरणार होता, तोही घर मोडताना.

मी उठून उभा राहिलो. आधी बसप्पाकडे वळून म्हणालो, "तप्प नंदैति (चूक माझी आहे)." मग शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे, तिच्याकडे पाहत:

"जनाक्का, तुम्ही वाट घातली होती. माझ्या टाचेनं ती पुसली. आली का म्हणून विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. मला क्षमा करा."