आधी साचा बघायचा

शामूअण्णांच्या हातात कुठलाही कागद पडला, मग ती कंपनीची नोटीस असो, लग्नपत्रिका असो नाहीतर वडापाव बांधून आलेला पेपरचा तुकडा, वाचायच्या आधी ते त्यावर बोटानं टकटक करायचे आणि विचारायचे, "साचा कंचा?" समोरचा गोंधळला की म्हणायचे, "आरं, ही नोटीस हाय का पत्र हाय का गाणं हाय, त्ये आदी ठरव की. मग वाच. न्हायतर रस भलतीकडंच जातोय बघ." एवढं झाल्यावर ते उजवा डोळा बारीक करून वाचायला लागत. डावा डोळा नव्हताच. तिथं ताणून बसलेली कातडी होती आणि कानापर्यंत गेलेला भाजल्याचा चट्टा.

त्यांचं पूर्ण नाव शमुवेल कदम. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत ते लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे नमुने, करायचे. त्याआधी मोल्डिंगला, वाळूचे साचे भरायला, होते. वाळूचा साचा ओलसर राहिला आणि त्यात लोखंडाचा तापलेला रस ओतला, तर आत वाफ कोंडते आणि साचा फुटतो. "वाळू वाळली न्हाय" असं त्या दिवशी अण्णाच ओरडत होते. सुपरवायझरला घाई होती. त्यानं ओतायला लावलं आणि रस उडाला तो ओरडणाऱ्याच्याच तोंडावर. डोळा जागेवर उकळला. हे मला जुन्या कामगारांनी सांगितलं, अण्णांनी कधीच नाही. रविवारी ते चर्चच्या मागच्या खोलीत बायबलचा वर्ग घेत. मी त्या भानगडीत कधी पडलो नसतो. मी कट्टर जोतिबाचा माणूस, आणि मुख्य म्हणजे पुस्तक बघितलं की मला झोप यायची.

माझं काम फेटलिंगचं, म्हणजे ओतलेल्या मालाच्या कडा ग्राइंडरवर घासायचं. डोकं तापट. हे मी आज हसत सांगतो, पण त्या वर्षी हसण्यासारखं काही नव्हतं. नेसरीजवळच्या आमच्या गावात चुलतभाऊ आनंदानं माझ्या थोरल्या भावाचा, तानाजीदादाचा, उजवा हात मनगटातून तोडला. कारण काय, तर बांध. वीतभर बांध कोरला म्हणून दादानं जाब विचारला, आनंदाच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता, त्यानं एकदाच घातला. पंजा उसाच्या सरीत पडला. वैनीनं तो हुडकून पदरात बांधून दवाखान्यात आणला, तोवर उशीर झाला होता. ती नंतर किती दिवस ते लुगडं धूत होती.

तीन महिन्यांत आनंदा जामिनावर सुटला आणि दादाच्या दारावरून बुलेट फिरवायला लागला. एक दिवस वैनीचा फोन आला. "भावजी, तुमचा दादा गोठ्यात बसून रडालाय. एका हातानं म्हस पिळाय गेलता, म्हशीनं लाथ घातली." मी फोन ठेवला तो ठरवूनच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, मी ग्राइंडरवर नवा कोयता धरला. ठिणग्या उडत होत्या आणि मला आनंदाचं मुंडकं दिसत होतं. खोटं कशाला बोलू? बरं वाटत होतं.

मागून हात आला आणि मशीन बंद झालं. शामूअण्णा. "कंच्या कामाचा माल ह्यो?" म्हणाले.

"आमच्या घरातला हाय. तुमी मधी पडू नगा, अण्णा."

"हाताचा बदला?"

"व्हय. तुमच्याच पुस्तकात लिवलंय की, डोळ्याला डोळा!" हे मी कुठल्या तरी पिक्चरमध्ये ऐकलं होतं.

अण्णांनी डाव्या गालावरचा चट्टा खाजवला. "हाय की. मला म्हाईत नसंल तर कुणाला?" मला एकदम शरम वाटली. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून कोयता काढूनही घेतला होता. "माझ्या पुस्तकाचं नाव घेऊन जाणार असशील, तर शिकून जा. अर्धवट शिकलेला माणूस भलत्यालाच हाणतोय. रोज जेवणाच्या सुट्टीत ये. सगळं झालं की कोयता परत. धारंसकट. शबुद."

मी का कबूल झालो, कोण जाणे. मोठ्या माणसाचा मान राखला म्हणा. पण रोज पहिला प्रश्न माझा तोच असायचा, "संपलं का शिकवून?" कँटीनमध्ये पोरं ओरडायची, "बाळ्या बाटला रं!" एकाची मी कॉलर धरली. अण्णा म्हणाले, "सोड त्येला. पावणं, तुमीबी बसा की, भाकरी लय हाय." तो काही बसला नाही, पण परत ओरडलाही नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी ते जाडजूड बायबल माझ्या मांडीवर ठेवलं. "किती पुस्तकं हायत?" मी म्हटलं, एक. "चुकलास. ह्ये कपाट हाय. सहासष्ट पुस्तकं एका पुठ्ठ्यात बांधल्यात. जुना करार, नवा करार. कुणी एकानं न्हाय लिवलं. राजाचं कारकून, पुजारी, मेंढरं राखणारा, तंबू शिवणारा. हजाराच्या वर वर्सं चाललं काम. आदी तोंडातोंडी, मग कातड्यावर, लव्हाळ्याच्या कागदावर. जुनं बहुतेक हिब्रूत, नवं ग्रीकमधी. पयल्या हातचं पान आज कुणापाशीबी न्हाय. नकलेवरनं नक्कल, नकलेवरनं नक्कल."

"मग देवानं काय केलं?"

"देवानं माणसं कामाला लावली. वरनं छापून टाकलं न्हाय." आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "म्हणून परतेक पुस्तकाला इचारायचं, कुणी, कुणाला, कवा, आणि साचा कंचा?"

मग आला कायदा, ज्याची मी वाट बघत होतो. डोळ्याला डोळा, दाताला दात, हाताला हात. हाताला हातसुद्धा होतं! मी उडालोच. अण्णा म्हणाले, "थांब. ह्यो कायद्याचा साचा. पंचाम्होरं चालायचा, बांधावर न्हाय. आणि कशापायी केला? आदी लोक एका डोळ्यापायी आख्खं घर जाळायची. म्हणून कायद्यानं येसण घातली, एका डोळ्याला एकच. तू काय तोडणार हुतास?"

"मुंडकं."

"मग तुजं काम ह्या कायद्यात बसत न्हाय. भाकरी खा."

पुढं राजांचे इतिहास आले. त्यात खून, दगाफटका, भावानं भाऊ मारलेला. पहिल्याच पुस्तकातला पहिलाच खून भावाभावांत, आणि तोही शेतात. मी विचारलं, "शेतातच?" अण्णा म्हणाले, "शेतातच. लिवलंय म्हंजे करा असं न्हाय. झालं त्ये लपवलं न्हाय, इतकंच." मग म्हणी आल्या, संदेष्ट्यांची खडसावणी आली. दाखले, म्हणजे बोधासाठी रचलेल्या गोष्टी, आले. दाखला ही बातमी नव्हे, त्यातल्या माणसाचं गाव विचारायचं नाही. एकाच माणसाची गोष्ट चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलेली शुभवर्तमानं आली. ऐकता ऐकता माझी भाकरी हातातच राहायला लागली, हे मला कळत होतं आणि त्याचा राग येत होता.

एका दुपारी त्यांनी गाण्यांच्या पुस्तकातलं एक गाणं वाचलं. मुलूख उद्ध्वस्त झालेले, धरून नेलेले लोक परक्या नदीकाठी बसून रडतात आणि शेवटी म्हणतात, जो शत्रूची तान्ही पोरं खडकावर आपटील तो धन्य. हातातला घास मी डब्यात परत ठेवला. "अण्णा, ह्ये देवाच्या पुस्तकात?"

"देवाच्याच. आता सांग, साचा कंचा?"

"गाणं."

"व्हय. हुकूम न्हवं. ज्येनं म्हटलं त्येनं आपटलं न्हाय. पोटातलं इख देवाम्होरं ओकला. त्येला राग गिळाय कुणी सांगितलं न्हाय आणि कोयताबी दिला न्हाय." त्यांनी पॅटर्नच्या मापाची वही पुढं सरकवली. "लिव तुजं. हातचं राखू नगंस."

मी लिहिलं. आनंदा, तुझे दोन्ही हात कोपरापासून झडोत. तोंडावर माशी बसली तर तुला ती हाकलता येऊ नये. तुझ्या उसाला आग लागो आणि तू मधोमध असावास. तुझ्या पोरांनी दारोदार... पानभर लिहिलं. अण्णांनी ते खड्या आवाजात, डोळा कागदाला चिकटवून, देवळात वाचावं तसं वाचलं. "पोरांचं ठेवायचं?" विचारलं. "ठेवा," मी म्हटलं. त्यांनी ठेवलं. पण ते शब्द त्यांच्या तोंडून माझ्या कानावर पडले तेव्हा मला रडू फुटलं. हात तुटल्यापासून पहिल्यांदा. फेटलिंगच्या धुळीत बसून मी लहान पोरासारखा रडलो. लाज कसली त्यात?

शेवटचा साचा पत्राचा. नव्या करारातली बरीच पुस्तकं म्हणजे नुसती पत्रंच, कुणीतरी तुरुंगातून लिहिलेली, कुणीतरी भांडणाऱ्या मंडळींना लिहिलेली. अण्णा म्हणाले, "शिवी वर धाडायची, पत्र माणसाला. लिव आनंदाला." मी म्हटलं, मेलो तरी लिहिणार नाही. दोन दिवसांनी लिहिलं. तीनच ओळी. "आनंदा, दादाला म्हस पिळता येत न्हाय. एकदा येऊन बघ. बाळू."

"पोस्टानं नको," अण्णा म्हणाले, "मी जातो." रजा टाकून ते एसटीनं गेले. स्टोअरमधून एक खाकी लिफाफा घेतला, त्यात चिठ्ठी घातली. इथंच घात झाला. आमच्याकडं कोर्टाची नोटीस खाकी लिफाफ्यात येते, आणि हातात घेतली नाही तर ती लागू होत नाही अशी सगळ्या गावाची पक्की समजूत. नोटीस आणणाऱ्याला पळवून लावायचं हा आमचा जुना धंदा. आनंदाला वाटलं, जामीन रद्द झाल्याचा कागद आला. त्यानं अण्णांना शब्दही बोलू दिला नाही. खोऱ्याचा दांडा घेतला आणि म्हाताऱ्याला आपल्या अंगणात गुरासारखा झोडपला. डाव्या अंगानं येणारा दांडा अण्णांना दिसलाच नाही. तीन फासळ्या मोडल्या. लिफाफा शेणात पडून राहिला.

मला कळलं तसा मी पॅटर्न शॉपमध्ये गेलो आणि अण्णांच्या हत्यारांच्या पेटीचं कुलूप हातोडीनं फोडलं. कोयता एका कागदात गुंडाळलेला होता. त्याला तेल लावलं होतं, धार जशीच्या तशी. पोत्यात घालून मी आधी दवाखान्यात गेलो, पाया पडून पुढं जावं म्हणून. "जातो, अण्णा," म्हटलं. "आता अडवू नगा."

त्यांना बोलताना कळ येत होती. "अडवत न्हाय. पोतं बघूनच वळखलं. शिकवून झालंय, कोयता तुजा हाय. फकस्त साचा सांग. कायद्यानं जात असशील तर तीन फासळ्या माझ्या. त्येच्या तीनच मोडायच्या. मोजून. चौथी मोडलीस तर माजा शिष्य न्हवंस."

"कोयत्यानं तीनच फासळ्या कशा मोडायच्या, अण्णा?"

"त्येच की. हत्यारबी चुकीचं आणलंयस, गाढवा." आणि ते हसले, हसताना कळवळले, आणि मी पोतं खाटेखाली सरकवून त्यांच्या पायाशी बसलो. जायचं राहिलं ते राहिलंच.

हवालदार जबाब घ्यायला आला. मला वाटलं, आता हा देवमाणूस म्हणणार, पायरीवरून पडलो. अण्णांनी आनंदाचं नाव, गाव, दांडा, सगळं स्पष्ट सांगितलं. हवालदार गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, सगळं सांगितलंत?" ते म्हणाले, "जबाब म्हंजे साक्ष. त्या साच्यात खोटं वतलं की फुटतोय. माफीचं बघू, ती पत्रात." मग म्हणाले, "त्येचंबी चुकलं न्हाय रं सगळं. त्येनं साचा वळखला न्हाय. आणि मी शाना, खाकी लिफाफा घेऊन गेलतो."

आनंदाचा जामीन गेला, पुढं शिक्षा लागली. अण्णा त्याला दर महिन्याला तुरुंगात पत्र लिहायचे. पांढऱ्या लिफाफ्यात. तीन वर्षं, उत्तर एकही नाही. त्या मारानं त्यांची छाती पुन्हा कधी धड झालीच नाही. दर थंडीत खोकला, आणि गेल्या थंडीत न्यूमोनियानं ते गेले. आनंदानंच मारलं त्यांना, फक्त तीन वर्षं लागली. हे मी आजही म्हणतो.

मातीनंतर त्यांच्या मुलीनं, रूथनं, ती पेटी मला दिली. कोयता त्यात परत ठेवलेला होता, तेल लावून. त्याच्याभोवतीचा कागद मी यावेळी उलगडून वाचला. अण्णांचंच अक्षर. त्या सुपरवायझरवर लिहिलेलं गाणं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत रस ओतला जावो, तो थेंबाथेंबानं थंड होवो, असं बरंच. माझं त्याच्यापुढं अंगाईगीत. खाली 'आमेन', आणि त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीच्या पंपाच्या पॅटर्नची मापं.

त्यानंतर बाराव्या दिवशी गेटवर वॉचमननं मला हाक मारली. शमुवेल कदम यांच्या नावानं लिफाफा आला होता. खाकी. मला वाटलं, मेलेल्या माणसाला आता कोर्टात बोलावतायत, आणि तो फाडायलाच घेतला. कोपरा फाटलाही. मग माझंच बोट त्यावर टकटक करायला लागलं. मागं बघितलं तर तुरुंगाचा शिक्का, आणि नाव आनंदाचं.

आत वहीचा अर्धा कागद. "अण्णा, फासळ्या बऱ्या झाल्या का? तान्याची म्हस आता कोण पिळतंय?"

गेटवर उभा राहून मी ते कितीदा वाचलं. डोळ्यांपुढं दोन्ही दिसत होतं, सरीत पडलेला पंजा आणि शेणात पडलेला लिफाफा. शिवी तोंडापर्यंत आली, ती मी वर धाडली. मग उत्तर लिहिलं. "आनंदा, अण्णा गेले. फासळ्या बऱ्या झाल्या न्हाईत. म्हस वैनी पिळते, सुट्टीला गेलो की मी. सुटलास की येऊन बघ. बाळू."

आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन लिफाफा घेतला. दुकानदारानं खाकी काढला होता, तो मी परत दिला आणि पांढरा मागून घेतला.