तुमच्याकडे याला काय म्हणतात?

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

चष्मा डोक्यावर सरकवायचा, पेन खाली ठेवायचं आणि समोरच्याला हे विचारायचं, ही डॉक्टरीणबाईंची पद्धत. कुणी म्हणे छातीत आग होते, कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे काही नाही हो, नुसतं टेन्शन. बाई सगळं ऐकून घेत आणि मगच पेन उचलत.

डोंबिवलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या वर बाईंचा दवाखाना होता, मनाच्या आजारांचा. जिना माझ्या काउंटरला लागून. आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत; तिथे जाताना कुणी पाहिलं तर पोरीचं लग्न मोडेल ही धास्ती. म्हणून पेशंट आधी माझ्याकडे बिजागरीचा भाव विचारत, इकडेतिकडे बघत आणि सटकन जिना चढत. काही जण भिडेखातर बिजागरी विकतही घेत.

मी बाईंना एकदा म्हटलं, "तुमच्यामुळे माझा माल खपतो."

"मग भाव तरी नीट लावा ना, भाऊ. आधीच त्रासलेले असतात बिचारे."

मी भाव उतरवला नाही. हातगाडीवर खिळे विकून दुकान उभं केलेला माणूस मी. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. बाई मात्र कधी घासाघीस करत नसत. दवाखान्यात खुर्च्या नकोत, लांब बाक हवा, म्हणाल्या. "आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही, अख्खं घर येतं." बाकाच्या फळ्यांचा मी सांगितला तो भाव त्यांनी देऊन टाकला. समोरचा भांडलाच नाही तर जिंकल्यासारखं वाटत नाही हो!

आता माझं दुखणं सांगतो. आम्ही मूळचे मालवणकडचे. तिन्हीसांजेला वडील दिव्यापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालत. देवाला, गावच्या राखणदाराला मोठ्याने सांगायचं, घरादाराला सांभाळ म्हणून. प्रत्येक मागण्यावर मागून आई म्हणायची, "व्हय म्हाराजा." राखणदार शिवेवरून फिरतो, त्याची काठी वाजते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वडील गेले आणि धाकटा भाऊ आईला घोडबंदर रोडच्या आपल्या टॉवरमध्ये घेऊन गेला. तिथे ती बाल्कनीत उभी राहून एकटीच गाऱ्हाणं घालू लागली. खाली काठी वाजते पण तो वर येत नाही, म्हणायची. तिचं जेवण तुटलं, झोप उडाली. भावाने तिला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, तुमच्या घरात असलं काही मानतात का? भाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात बसला होता. म्हणाला, "छे छे, आमच्याकडे असलं काही नसतं."

झालं! भास होतात, एकटीच बोलते, असं ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांत आईचं लाकूड झालं. हातातला पेला थरथरायचा. मी जाऊन तिला उचलून आणली. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये मी भावाला शिव्या घालत होतो आणि आई शेजारी बसून काहीच ऐकत नव्हती.

तशीच तिला बाईंकडे नेली. म्हटलं, "या गोळ्या बंद करा. माझी आई वेडी नाही."

"बसा, भाऊ. मी त्यांच्याशी बोलतेय." चष्मा डोक्यावर गेला. "आई, मी नागपूरकडची. मला राखणदार ठाऊक नाही. सांगाल?"

आई म्हणाली, "गावची राखण करता."

"रागावतो? काही करायला सांगतो?"

"छ्या! तो कित्याक रागावतलो?"

"काठी आणखी कुणाला ऐकू येते?"

"सगळ्यांका येता गो बाये. तुका नाय येणा?"

"आमच्याकडे कुणी पाठवलंच नाही त्याला."

आई हसली. मग बाईंनी विचारलं, "गाऱ्हाणं घातल्यावर पुढे काय होतं?"

"कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणूक व्हया. पयले हे घालीत, मी म्हणय. आता मीच घालतंय."

"आणि म्हणतं कोण?"

आई रडायला लागली. वडील गेल्यावर ती पहिल्यांदाच रडली.

मी उठलोच. "बघा! म्हणजे आजार नाहीच."

"राखणदार हा आजार नाही. पण झोप नाही, अन्न नाही, कशात जीव रमत नाही, हा आजार आहे. त्याला गोळी लागेल. आधीच्या हळूहळू उतरवू."

"नवी अर्धीच द्या."

"भाऊ, हे बिजागरीचं दुकान नाही." पेन उचलत त्या पुढे म्हणाल्या, "आणि तिन्हीसांजेला आईंच्या मागे तुम्ही उभं राहायचं."

"ती गिऱ्हाइकाची वेळ असते."

"मग शटर अर्धं ओढा."

मी त्यांच्याकडे एक चिठ्ठीही मागितली. हॉस्पिटल चुकलं असं लिहून द्या, भावाच्या तोंडावर मारतो. बाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरने घराला विचारलं, घराने नाही म्हटलं. तुमचा भाऊ लाजला, भाऊ. लाजेवर मी काय लिहून देऊ?" चिठ्ठी दिली नाहीच.

आई हळूहळू सावरली. एक दिवस तिने बांगड्यांच्या भावावरून कोळणीशी कडाक्याचं भांडण काढलं, तेव्हा मी पेढे घेऊन जिना चढलो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. वर आता क्लास भरतो. तो लांब बाक मी खाली दुकानात आणून ठेवलाय. अजून कुणीतरी येतं, बिजागरीचा भाव विचारतं आणि जिन्याकडे बघतं. मी त्याला बाकावर बसवतो आणि बाई गेल्याचं सांगतो.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून घरी जातो. आई दिव्यापुढे उभी असते. "त्या डाक्तरीणबायक जंय आसात थंय सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझ्या धाकट्या झिलाक..."

धाकट्या लेकासाठी मागणं आलं की मी गप्प होतो. आई वळून बघत नाही, पुढचंही बोलत नाही, नुसती थांबून राहते. अशा वेळी वाटतं, आत्ता चष्मा डोक्यावर सरकेल आणि बाई विचारतील, "भाऊ, तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

आवाज होईल तितका उतरवून मी म्हणतो, "व्हय म्हाराजा."