कॅबिनेट उघडलं ती दुपार

केडगाव स्टेशनपासून थोड्या अंतरावर, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी तिथे शिकवायला लागले. शिरूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले होते आणि त्यावर सहा महिन्यांचा एक कोर्स केला होता. तेवढ्यावर मी ‘मॅडम’ झाले. घर कवठे येमाईला होतं, म्हणून केडगावात मामांकडे राहायचे.

क्लासमध्ये सहा मशीन होती. पाच चालू आणि एक बंद. चपला जिन्यात काढून आत यायचं, पडदे कायम ओढलेले, आणि बॅच संपली की प्रत्येक मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर चढवायचं. बंद पडलेलं मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्यावर आम्ही हजेरीचं रजिस्टर ठेवायचो.

दुसरा धडा ‘हार्डवेअरची ओळख’ असा होता. मी एकेका वस्तूकडे बोट दाखवायचे. हा मॉनिटर, हा कीबोर्ड, हा माऊस आणि हा सीपीयू. सीपीयू म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. हे म्हणताना मी टेबलाखालच्या अख्ख्या पांढऱ्या डब्यावर हात ठेवायचे. मलाही तसंच शिकवलं होतं. मग फळ्यावर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस यांची प्रत्येकी एका ओळीची व्याख्या. मुलं उतरवून घेत, मी हजेरी घेई, धडा संपे.

त्या वर्षी नव्या बॅचमध्ये एक पंचेचाळिशीच्या बाई आल्या. बाकी सगळी दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी, आणि त्यांच्यात ह्या, डोक्यावर पदर, बोटांच्या पेरांना वॉर्निशचे डाग. भांडगावला हायवेच्या कडेला त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, ते काम. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून दुकान त्याच चालवत होत्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

दुसऱ्या धड्याच्या दिवशी मी नेहमीसारखा डब्यावर हात ठेवून मेंदूचं वाक्य म्हटलं. मावशींनी वही मिटली.

“मॅडम, ह्यो तर डबा झाला. आतलं कवा दाखवणार?”

“मावशी, आतलं आकृतीत आहे. पान बारा.”

“आकृती बघितली मी. पर कुरकुंभच्या कारखान्यातल्या मोटारी येत्यात आता माझ्याकडं, त्यांच्यासंगं कार्डं येत्यात. हिरवी पाटी, त्यावर बारकं बारकं कायबाय. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. तुमच्या कागदावर हार्डवेअरची ओळख लिव्हलं होतं, म्हनून तर नाव घातलं मी.”

पोरं हसली. मी म्हटलं, “ते उघडायचं नसतं. वॉरंटी जाते.”

“बरं. मंग तुमी तरी बघितलाय का त्यो मेंदू?”

त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी सगळ्या बॅचसमोर म्हणाले, “हो. बघितलाय की.”

मी बघितला नव्हता. सहा महिन्यांच्या कोर्समध्येही कोणी कॅबिनेट, म्हणजे तो पांढरा डबा, उघडून दाखवलं नव्हतं. त्या रात्री जेवताना मामींनी दोनदा विचारलं, काय झालंय म्हणून. काय सांगणार? खोटं तसं लहानसंच होतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्यानंतरचे आठ दिवस मावशी वर्गात आल्या की माझा आवाज बारीक व्हायचा. त्या मान खाली घालून एका बोटाने टायपिंग करत बसायच्या, आणि मला वाटायचं, ह्यांना कळलेलं आहे.

शेवटी एका रविवारी मी भांडगावला गेले. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मावशी जमिनीवर बसून एका जळक्या मोटारीची वेटोळी मोजत होत्या. मला बघून त्यांनी पोतं झटकून पुढे सरकवलं.

मी बसले आणि सांगून टाकलं. “मावशी, मी खोटं बोलले त्या दिवशी. मी कॉम्प्युटर आतून कधी बघितलेला नाही.”

त्यांनी हातातली मोजणी सोडली नाही. ओठांतल्या ओठांत आकडा पुरा केला, वहीत लिहिला आणि मगच माझ्याकडे बघितलं.

“मग त्यात काय एवढं, पोरी? मी पयली मोटार खोलली तवा मला बी काय येत होतं? नवरा आडवा पडलेला, गिऱ्हाईक दारात. त्याला म्हनलं, व्हय येतं. आन् मोटारीची वाट लावली.” त्या हसल्या. “तवापासून ही वही. काढायच्या आधी लिव्हायचं. कुठली तार कुठनं निघाली, कितींदा फिरली, समदं. काढताना वाटतं, ध्यानात राहील. ऱ्हात न्हाई.”

पहिल्यांदाच त्यांनी मला पोरी म्हटलं होतं. मला फार हलकं वाटलं. परत येताना एसटीत मी ठरवलं, कोपऱ्यातलं ते बंद मशीन उघडायचं.

क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते मावशींच्या मदतीने मशीन उघडायला आधी तयारच होईनात. “ती बाई मोटारी भरते. कॉम्प्युटर म्हणजे विहिरीवरची मोटार आहे का?” मी म्हटलं, सर, त्याची वॉरंटी कधीच संपलीय आणि पुण्याचा माणूस येतो येतो म्हणून चार महिने आला नाही. त्यांनी बराच वेळ टेबलावर पेन आपटलं. “बंदच आहे ते. बघा काय बघायचंय. पण चालू मशीनला हात लावायचा नाही.”

त्या काळात दुपारी लोडशेडिंग असायचं. लाईट गेली की बॅच सुटायची. अशाच एका दुपारी आम्ही दोघींनी पडदे बाजूला केले आणि कॅबिनेट खिडकीपाशी आडवं ठेवलं. मावशींनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश आणि वही काढली. मी पान बारा उघडून शेजारी ठेवलं. बाजूचा पत्रा सरकवला तर आत बोटभर धूळ, आणि तळाशी पालीची दोन अंडी, सुकलेली.

“बिऱ्हाड हाय की इथं,” मावशी म्हणाल्या.

ब्रशने धूळ झाडत गेलो तसतसं पान बारा आमच्यासमोर उभं राहायला लागलं. तळाला आडवी पसरलेली मोठी हिरवी पाटी, म्हणजे मदरबोर्ड. बाकी सगळं ह्या ना त्या मार्गाने तिलाच जोडलेलं. पुढच्या बाजूला लोखंडी चौकटीत बसवलेली जड डबी ही हार्ड डिस्क, तिच्यातून चपटी राखाडी पट्टी मदरबोर्डकडे गेलेली. उभ्या खाचेत एक लांबट पातळ पट्टी, ती रॅम. मी प्रत्येक वस्तूचं नाव घ्यायचे आणि मावशी तिचं चित्र वहीत काढायच्या, तारेचा रंगसुद्धा लिहून.

मागच्या कोपऱ्यात पंखा असलेला पत्र्याचा डबा होता. मी वाचलं, “एसएमपीएस. बाहेरची वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तेवढी कमी करून देतो.” मी हात घालणार तोच मावशींनी माझं मनगट धरलं.

“थांब. बंद असला तरी कपाशिटर वीज धरून बसतो. फटका लई वाईट असतो त्याचा.”

त्यांनी तो डबा सोडवला, झाकण काढलं आणि पिशवीतला एक बल्ब काढला. होल्डरला दोन लांब वायरी जोडलेल्या होत्या. त्यांची टोकं त्यांनी आतल्या दोन मोठ्या कपाशिटरांच्या, म्हणजे पुस्तकातल्या कपॅसिटरच्या, पायांना लावली. बल्ब पेटला नाही. “चार महिने बंद हाय, कशाला राहतीय त्यात? पर लावून बघायचा असतो,” त्या म्हणाल्या. मग खिडकीच्या उजेडात डबा तिरका धरून एकदम बोलल्या, “ह्ये बघ. फुगलाय.” दोन लहान कपाशिटरांची डोकी वर आलेली होती, एकातून तपकिरी चिकट काहीतरी झिरपलेलं. पान बारावर हे नव्हतं.

“पर मेंदू कुठाय?” त्यांनी विचारलं.

मदरबोर्डवर एक छोटा पंखा होता, त्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा. पुस्तक वाचून वाचून मी त्याची क्लिप सोडवली. ठोकळा अलगद उचलला. खाली प्रोसेसर, म्हणजे खरा सीपीयू होता, चौकोनी चकती, बिस्किटाहून लहान, वर वाळलेला पांढरा लेप. मी कितीतरी दिवस डब्यावर हात ठेवून जे सांगत होते ते खरं हे एवढं होतं.

“एवढासा?” मावशी म्हणाल्या. “आन् त्याच्यासाठी पंखा? म्हंजी तापतो ह्यो.”

“हो. विचार करून तापत असेल,” मी म्हटलं, आणि दोघीही हसत सुटलो.

एसएमपीएस मावशी घेऊन गेल्या. दौंडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी तसेच कपाशिटर आणून स्वतः बसवले, प्रोसेसरवर लावायचा ताजा लेपही त्याच्याकडूनच मिळाला. पाचव्या दिवशी त्या सगळं घेऊन आल्या. पुन्हा लोडशेडिंगची वेळ. वही समोर ठेवून, एकेक तार तिच्या जागी लावत आम्ही मशीन बांधलं आणि लाईटची वाट बघत जिन्यात बसलो. शेंगदाणे खाल्ले.

चारच्या सुमारास खालच्या दुकानातला रेडिओ वाजायला लागला. मी पळत वर गेले आणि बटण दाबलं. पंखे फिरले! पण पडदा काळाच, आणि आतून लांबलचक ‘बीप’, थांबून पुन्हा ‘बीप’. मावशींचा चेहरा पडला. “कपाशिटर बसवताना माझंच काय तरी चुकलं असंल.”

पण पंखे फिरत होते, म्हणजे वीज येत होती. मी पहिल्यांदाच व्याख्या पाठ म्हणण्याऐवजी तिच्यावर विचार केला. रॅम, तात्पुरती स्मरणशक्ती. प्रोसेसरला काम करताना समोर काही धरून ठेवायला जागाच मिळाली नाही, तर तो पडद्यावर लिहिणार तरी काय? ओरडेलच नुसता. मी मशीन बंद केलं, वायर काढली आणि रॅमची पट्टी बोटाने चाचपली. एक टोक किंचित वर राहिलं होतं. ती बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, पुन्हा बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला. टक् असा आवाज झाला.

ह्या वेळी एकच बारीक ‘बीप’ आला आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. मावशी पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या उघड्या कॅबिनेटवर वाकून त्या छोट्या पंख्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बॅचला सांगितलं, की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. हा डबा सीपीयू नाही, सीपीयू ह्याच्या आत असतो, या, दाखवते. सगळे गोळा झाले. मागून एकाने विचारलं, “मॅडम, पण परीक्षेत काय लिहायचं?” मी म्हटलं, जे आत्ता डोळ्यांनी बघताय ते लिहा. सर दारात उभे राहून बघत होते. पुढे प्रत्येक बॅचला दुसऱ्या धड्यासाठी ते मशीन उघडं ठेवायची त्यांनीच सवय लावून घेतली.

मावशींनी मात्र कोर्स पुरा केला नाही. “टायपिंग तुमच्या पोरांस्नी शिकवा. माझं काम झालं,” म्हणाल्या. सर्टिफिकेटचं विचारलं तर हात झटकला. मला वाईट वाटलं. त्यांच्याशिवाय वर्ग काही दिवस ओकाबोका वाटायचा.

वर्षभराने मी पुण्याला हार्डवेअरचा कोर्स केला, आणि लग्नानंतर शिरूरला आले तेव्हा बाजारपेठेत दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. पहिल्या आठवड्यात कवठ्याकडचे एक आबा नातवाचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आले. दुकानात इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “दुरुस्तीवालं कोन हाय?”

“मीच आहे, आबा.”

त्यांनी जरा विचार केला, मग चादर सोडली. मी स्क्रू काढायला घेतले. ते दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसले होते, तिथूनच मान उंच करून बघायचा प्रयत्न करत होते. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, “इकडं या की जवळ. काय काय आहे आत, ते तुम्हीपण बघा.”